टिनाखालचा माळा उन्हाळ्यात तापतो, हिवाळ्यात ठिबकतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा :

"आमचं घर ३० फूट लांब, २० फूट रुंद, विटांचं. खोल्यांवर सागाच्या फळ्यांचा माळा. वानरं दरवर्षी कवेलू (कौलं) फोडायची म्हणून चार वर्षांपूर्वी कवेलू उतरवून टिन टाकलं, फाटे (छताचे वासे) जुनेच ठेवले. तेव्हापासून उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत फळ्यांतून धग उतरते, सासूबाईंना खोलीत झोपवत नाही. कूलर लावला तर अंग चिकचिक होतं. हिवाळ्यात पहाटे टिनातून पाणी ठिबकतं. मिस्त्रीनं दोनदा नट आवळले, फरक नाही. फळ्यांवर काळी बुरशी आली. माळ्यावर ठेवलेलं घरचं सोयाबीन बियाणं गेल्या साली उगवलंच नाही. कोणी एक्झॉस्ट पंखा बसवा म्हणतं, कोणी टर्बो (छतावरचा वाऱ्यावर फिरणारा पंखा), कोणी खालून पीओपी मारा म्हणतं. एकदाच काय करायचं ते सांगा."

ताई, नमस्कार.

धग, ठिबकणं, बुरशी आणि न उगवलेलं बियाणं या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे. कवेलूचं छत म्हणजे एकावर एक नुसते टेकवलेले तुकडे. त्यांच्या फटींतून हवा वळचणीला आत यायची आणि आढ्याशी बाहेर पडायची. चुलीचा धूरही तसाच निघून जायचा. टिन टाकताना मिस्त्रीनं पत्र्याच्या नाळ्या (लाटांसारख्या खाचा) भिंतीवर जिथे टेकतात तिथे सिमेंटचा माल गच्च भरला असेल आणि आढ्यावर टोपी आवळून बसवली असेल. पावसासाठी ते बरोबरच होतं, पण माळ्यातली हवा त्या दिवसापासून कोंडली. टिन तिला तापवतं, आणि तापलेल्या हवेला जायला वाट उरलेली नाही. वाट करून देणं हे पहिलं काम. पंखा, टर्बो, पीओपी यांचा विचार त्यानंतर.

आधी ठिबकण्याचं बोलू, कारण त्यात तुमचा पैसा उगाच जातो आहे. पाऊस नसताना, पहाटे, पत्र्याच्या सगळ्या लांबीवर बारीक थेंब दिसत असतील आणि नऊ-साडेनऊला ऊन चढलं की ते आपोआप थांबत असतील, तर ती गळती नव्हे, टिनाला सुटलेला घाम आहे. निरभ्र रात्री टिन आपली ऊब आकाशाकडे सोडतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. घरातल्या माणसांच्या श्वासाची, स्वयंपाकाची, पाणी तापवण्याची वाफ फळ्यांच्या फटींतून वर जाते आणि त्या गार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं. खरी गळती पावसात दिसते, तीही नटाजवळ किंवा दोन पत्र्यांच्या जोडाशी. म्हणून नट आवळणं आता थांबवा. जास्त आवळला की खालचा वायसर चिरतो, आणि मग पावसाळ्यात खरोखर गळायला लागतं.

आता वाटेचा हिशेब. माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी मोकळी जागा असावी, अर्धी खाली आणि अर्धी वर, हा बांधकामातला जुना ठोकताळा. तुमचं क्षेत्रफळ ६०० चौरस फूट, म्हणजे ४ चौरस फूट : वळचणीला २ आणि आढ्याजवळ २. तुमच्या माळ्यात खालची आणि वरची वाट यांच्यात जेमतेम ४-५ फुटांचं अंतर मिळेल, आणि आत-बाहेर दहा अंशांचा फरक असला तरी एवढ्या वाटेतून माळ्याची सगळी हवा बदलायला साधारण पंधरा मिनिटं लागतील. वर टिन तापत असताना हे अपुरं आहे. म्हणून आमचा सल्ला दुपटीचा : खाली ४, वर ४. तेवढ्यानं तीच हवा सात-आठ मिनिटांत बदलते. भोकं थोडी जास्त झाली तर बिघडत नाही, कमी पडली तर केलेलं काम जाणवतही नाही.

खालची भोकं आधी पाडा. हा क्रम उलटा करू नका. वरून हवा निघायला वाट दिली आणि खालून यायला दिली नाही, तर माळा ती हवा तुमच्या खोलीतूनच ओढून घेतो. लांबीच्या दोन्ही भिंतींत, माळ्याच्या फळ्यांपासून सहा-एक इंच वर, वळचणीच्या सावलीत, प्रत्येकी सहा भोकं घ्या, एकूण बारा. एक भोक १२ इंच रुंद, ६ इंच उंच. दोन भोकांच्या मध्यांत ५ फूट अंतर येईल. बारा भोकांचे ८६४ चौरस इंच होतात. जाळी त्यातली पाव वाट खाते असं धरलं तरी साडेचार चौरस फूट शिल्लक राहतात. फाटा किंवा आडवी बल्ली जिथे भिंतीवर टेकते त्याच्या खाली आणि दोन्ही बाजूंना फूटभर भोक पाडू नका, अंतर थोडं इकडे-तिकडे सरकवा. प्रत्येक भोकावर कडप्प्याची किंवा फरशीची १८ इंची पट्टी टाका, म्हणजे दोन्ही बाजूंना ३-३ इंच टेकेल आणि वरची वीट सरकणार नाही. भोकाचा तळ बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतरता ठेवा, नाहीतर तिरप्या सरीचं पाणी आत साचतं. घण मारून विटा उडवू नका, जुना गारा सुटतो. छिन्नीनं सांधे मोकळे करून एकेक वीट ओढून काढायला सांगा. तयार सिमेंटची नक्षीदार जाळी बसवायचा आग्रह मिस्त्री करेल. ती दिसायला छान असते, पण निम्मी वाट बुजवते. घ्यायचीच असेल तर भोकं दुप्पट करावी लागतील.

वरच्या वाटेसाठी आढ्याच्या दोन टोकांच्या त्रिकोणी भिंती वापरा. प्रत्येकीत २ फूट बाय २ फूट खिडकी, तिचा वरचा काठ आढ्यापासून ९ इंच खाली. आणखी खाली घेतली तर तिच्या वरची गरम हवा तशीच अडकून राहते. खिडकीला टिनाच्या किंवा लाकडी तिरप्या पट्ट्या लावा, बाहेर-खाली उतरत्या, ४५ अंशांत. पट्ट्या निम्मी वाट अडवतात, म्हणून दोन्ही खिडक्या मिळून आठाचे चार चौरस फूट उरतात, आपल्याला हवे तेवढेच. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. त्यामुळे त्या अंगाच्या खिडकीवर फूटभर बाहेर आलेला टिनाचा छज्जा हवाच. मार्च ते मे मधल्या अवकाळीचा वारा कुठूनही येतो, तेव्हा पूर्वेच्या खिडकीलाही छोटा छज्जा केलेला बरा. आढ्याची टोपी उचलून तिच्याखाली फट ठेवण्याची पद्धत हवेसाठी सगळ्यात चांगली आहे. पण जुन्या फाट्यांवर आढ्याची रेष सरळ नसते, टोपी नीट बसत नाही आणि वादळी पावसात पाणी आत मारतं. तुमच्या घराला आम्ही ती सुचवणार नाही.

जाळी पाव इंची भोकांची, वेल्ड केलेली, जस्ताची घ्या. चिमण्या, वटवाघळं, खारी आणि उंदीर तिनं थांबतात. डासाची जाळी लावू नका. धुरळा आणि कापसाची रुई यांनी ती एका मोसमात बुजते, आणि वर चढून पाहिल्याशिवाय हे कळतही नाही. जाळी भिंतीत कायमची गाडू नका. लाकडी चौकटीवर ठोकून चौकट चार स्क्रूंनी बसवा, म्हणजे काढून झटकता येईल. वर्षातून दोनदा पुरे, होळीच्या आधी आणि पोळ्यानंतर. चौकट उघडण्याआधी गांधीलमाशीचं घर नाही ना, हे बाहेरून बघून घ्या.

माळ्यावर काम सकाळी सहा ते नऊ यातच करा आणि त्याआधी मेन स्विच पाडा. जुन्या घरांत फाट्यांवरून गेलेल्या वायरींचं वेष्टन उष्णतेनं तडकलेलं असतं, आणि टिनाला वीज उतरली तर अख्खं छत जिवंत होतं. टिनावर चढावंच लागलं तर नटांच्या रेषेवरच पाय ठेवा, खाली बल्ली तिथेच असते. दुसऱ्या वाचकांसाठी एक सूचना इथेच : छत सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचं असेल तर ते कापू किंवा भोसकू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. त्यांनी भोकं भिंतीतच घ्यावीत.

वाटा झाल्या की फळ्यांकडे या. हिवाळ्यातलं ठिबकणं पूर्ण थांबवायचं तर वाफ वर जाण्याची वाटही बंद हवी. फळ्यांच्या फटींवर वरच्या बाजूनं दीड इंची लाकडी पट्ट्या ठोका. बारीक फटींत लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरा. जुन्या माळ्यांवर असतो तसा मातीचा थर देण्याचा मोह होईल, कारण मातीनं धग खरोखर कमी होते. पण ६०० चौरस फुटांवर २ इंच माती म्हणजे १०० घनफूट, वजन साडेचार टनांच्या आसपास. तुमचा माळा मुळात मातीसाठी बांधलेला नसेल तर तुळया ते झेलणार नाहीत. काळी बुरशी नाका-तोंडाला कापड बांधून ओल्या फडक्यानं पुसा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं घासा आणि फळ्या पूर्ण वाळू द्या. तिच्यावरून रंग किंवा वॉर्निश मारलं तर ती आतल्या आत पसरते.

हिवाळ्यात पाणी तापवायला घरात चूल पेटत असेल तर तिचा धूर आणि वाफ माळ्यात सोडू नका. चार इंची पाइप माळ्यातून सरळ वर, टिनाच्या बाहेर किमान २ फूट काढा. फळ्यांतून पाइप जातो तिथे लाकूड चहूबाजूंनी ६ इंच कापा आणि मोकळ्या जागेवर टिनाची चकती बसवा. पाइपला लाकूड टेकलेलं असलं तर ते वर्षानुवर्षं भाजत जातं आणि एके दिवशी पेट घेतं.

आणि हिवाळ्यात थंडी वाजते म्हणून भोकांत पोती कोंबू नका. ही चूक फार घरांत होते. फटी बुजलेल्या असतील तर खोली गार होत नाही, आणि पोती कोंबली की आठ दिवसांत टिन पुन्हा ठिबकायला लागतं. माळ्याच्या वाटा बाराही महिने, दिवसरात्र उघड्या ठेवायच्या.

खोलीच्या खिडक्यांचा नियम मात्र वेगळा आहे, आणि या दोघांची गल्लत होते म्हणून स्पष्ट लिहितो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं. माळ्यावर त्याहून जास्त तापलेली हवा असल्यानं ४५ अंशांची हवाही तिथे फायद्याची ठरते. खोलीत ती तोट्याची. म्हणून खोलीच्या खिडक्या सकाळी नऊ-दहाला बंद आणि सूर्य मावळून बाहेर गारवा आला की सताड उघड्या. याला अपवाद कूलरचा.

कूलरनं अंग चिकचिक होतं, कारण त्याची ओली हवा खोलीतच फिरत राहते. कूलर खोलीच्या आत ठेवलेला असेल तर आधी तो खिडकीबाहेर न्या, त्याला कोरडी बाहेरची हवाच ओढायला मिळाली पाहिजे. मग जेवढी हवा तो आत फेकतो तेवढी बाहेर जायला वाट हवी. ताशी ३,००० घनमीटर हवा देणाऱ्या कूलरला साधारण साडेतीन चौरस फूट. ही वाट समोरच्या खिडकीतून देता येते, पण तुमच्याकडे त्याहून चांगली सोय आहे. माळ्यावर चढायचं तोंड दोन-अडीच फुटांचं असतं. कूलर चालू असताना त्याचं झाकण काढा आणि जागी जाळीची चौकट ठेवा, लेकरू किंवा मांजर पडायला नको. खोलीतून वापरून झालेली हवाही माळ्यातल्या हवेपेक्षा कितीतरी गार असते. ती वर चढते, तापलेल्या हवेला त्रिकोणी खिडक्यांतून बाहेर ढकलते, आणि रात्री फळ्यांतून उतरणारी धग निम्म्या वेळात ओसरते. सासूबाईंच्या झोपेसाठी या एका गोष्टीचा सगळ्यात जास्त उपयोग होईल. अट एवढीच की त्या काळात माळ्यावर धान्य, बियाणं, कापूस नको, कारण ती हवा दमट असते. पाऊस लागला की झाकण पुन्हा बंद.

वाटांनी माळ्यातली हवा बदलते, पण तापलेलं टिन खाली उष्णता फेकतच राहतं. तुम्ही माळ्यावर उभ्या राहिलात तर डोक्याला जो चटका लागतो तो हवेचा नसतो, टिनाचा असतो. त्यावर उपाय दोन. पहिला, वरून पांढरा थर. बरेच जण चुना मारतात. सिमेंटच्या स्लॅबवर तो उत्तम आहे, पण जस्ताच्या टिनावर नको. ओला चुना जस्ताला खातो आणि पहिल्या पावसात निम्मा वाहून जातो. उष्णता परतवणारा बाहेरच्या कामाचा पांढरा अॅक्रिलिक रंग घ्या. वळचण आणि नाळ्या धरून तुमचं छत साधारण ९०० चौरस फूट भरेल, दोन हात द्यायचे, त्यावरून डबे मोजा. चार वर्षांचं टिन आता मळकं झालेलं असेल, ते ब्रशनं धुऊन वाळवलं की रंग धरतं. जिथे गंज दिसेल तिथे आधी घासून लाल प्रायमर.

दुसरा उपाय बुरडाकडचे बांबूचे तट्टे. टिनाच्या खाली ३ ते ४ इंच जागा सोडून फाट्यांच्या खालच्या अंगाला ते तारेनं बांधा. वळचणीशी आणि आढ्याशी ६ इंच उघडं ठेवा. टिन आणि तट्टा यांच्यामधली हवा तापून सरळ वरच्या खिडकीकडे पळते, आणि तट्टा टिनाची धग अंगावर झेलतो. तट्टे टिनाला चिकटवून ठोकले तर हा सगळा फायदा जातो. वायरी तट्ट्याआड लपवू नका, पाइपात घालून बाहेरून न्या. दरवर्षी उधई लागली का बघत जा. थर्माकोल मात्र लावू नका. जुन्या वायरी आणि थर्माकोल एका माळ्यावर असणं म्हणजे आगीला आमंत्रण.

आता तुम्हाला मिळालेल्या तीन सल्ल्यांबद्दल. पीओपीनं ठिबकणं झाकलं जाईल, थांबणार नाही. फळ्या वरून कुजत राहतील आणि तुम्हाला दिसणारही नाहीत. त्याला आमचं स्पष्ट नाही. टर्बो वाऱ्यावर फिरतो, वीज लागत नाही, वस्तू चांगली आहे. पण त्यासाठी टिन कापावं लागतं, आणि त्याची बैठक पत्र्याच्या नाळ्यांना हुबेहूब जुळली नाही तर गळती तिथूनच सुरू होते. शिवाय तुमच्या गावात वानरं कवेलू फोडतात, तर टर्बोवर ती बसणारच, आणि वाकलेलं बेअरिंग अडकून राहतं. एक्झॉस्ट पंखा खालची भोकं असल्याशिवाय कधीच नको. तो खोलीतली कूलरची हवा आणि चुलीचा धूर ओढेल, आणि लाइन गेली की थांबेल. पुढे कधी बसवलाच तर एका त्रिकोणी खिडकीत बसवा आणि त्याच खिडकीची उरलेली जागा बंद करा. ती उघडी राहिली तर पंखा शेजारचीच हवा ओढून परत बाहेर फेकत बसतो आणि वळचणीची भोकं नुसती नावाला राहतात.

सोयाबीनचं कारण याच माळ्यात आहे. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ, अंकुर त्याच्या अगदी लगत. हिवाळ्यात दमट आणि मार्चनंतर भट्टीसारखा तापलेला माळा त्याला मारतो. वाटा केल्या तरी बियाणं उन्हाळ्यात माळ्यावर ठेवू नका. साठवताना ओलावा ९ ते १२ टक्के असावा. फेब्रुवारीतच पोती खालच्या खोलीत आणा, लाकडी फळ्यांवर जमिनीपासून ४-५ इंच वर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. कूलरच्या खोलीत नको. पोती उंचावरून आपटू नका, माळ्यावरून खाली टाकणं तर मुळीच नको. मे महिन्यात प्रत्येक पोत्यातून थोडे दाणे काढून एकत्र करा, त्यातले न निवडता १०० मोजा, ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ओलसर ठेवा. ७० किंवा जास्त चांगले कोंब आले तर पेरायला हरकत नाही. त्याहून कमी आले तर त्या प्रमाणात एकरी बियाणं वाढवा, फारच कमी आले तर दुसरं घ्या. कांद्याचंही तसंच : त्याला २५ ते ३० अंश मानवतात, मे महिन्यातला माळा नाही.

भोकं आणि खिडक्या एक मिस्त्री आणि एक हाताखालचा माणूस दोन-तीन दिवसांत करतील. होळीच्या आत उरका. त्याआधी दोन साधे थर्मामीटर आणा, एक माळ्याच्या मधोमध छातीच्या उंचीवर, दुसरा ओसरीत सावलीला टांगा. आठवडाभर दुपारी तीन आणि रात्री नऊ वाजता दोन्हींचे आकडे वहीत लिहा. काम झाल्यावर पुन्हा आठवडाभर. माळा आणि ओसरी यांतला फरक जवळपास निम्म्यावर आला नाही, तर दुपारी वळचणीच्या प्रत्येक भोकापाशी उदबत्ती धरून बघा. धूर आत ओढला गेला पाहिजे. जिथे तो जागीच घुटमळतो किंवा बाहेर येतो, तिथे आतल्या बाजूला पोतं, पेटी किंवा तट्ट्याची कड आडवी आलेली असते.